वीज आली, दिवा मात्र ‘ऐकेना’! स्मार्ट घरातील दोष शोधायचा कसा?

झाशी : दुपारी गेलेली वीज अर्ध्या तासाने परतते. पंखे फिरू लागतात, फ्रिज सुरू होतो. मात्र संध्याकाळी स्मार्ट स्पीकरला दिवाणखान्यातील दिवा लावण्यास सांगितले की ‘उपकरण प्रतिसाद देत नाही’, असे उत्तर मिळते. सकाळी हाच दिवा एका वाक्यात लागला होता. बल्ब बिघडला, असा समज होतो आणि पुष्कळदा नवा बल्ब आणलाही जातो. प्रत्यक्षात अशा प्रसंगी बल्ब क्वचितच बिघडलेला असतो. बिघडलेली असते ती त्याच्यापर्यंत पोहोचणारी वाट.

केंद्र सरकारच्या स्मार्ट सिटी अभियानात जून २०१७ मध्ये जाहीर झालेल्या शहरांच्या यादीत झाशीचा समावेश झाला. शहर ‘स्मार्ट’ होण्यास सरकारी योजना लागते. घर ‘स्मार्ट’ होण्यास मात्र एक स्पीकर आणि दोन-चार बल्ब पुरतात. अठराव्या शतकात नारो शंकर यांच्या सुभेदारीपासून या शहरात मराठी कुटुंबे स्थायिक होत गेली. राणी लक्ष्मीबाईंचा विवाह झाला ते गणेश मंदिर आजही त्या वस्तीची खूण सांगते. देशातील इतर मध्यम शहरांप्रमाणे येथेही शिक्षण-नोकरीनिमित्त मुले पुणे, बंगळुरू, हैदराबाद येथे जातात आणि आईवडील जुन्या घरात राहतात. सुटीत आलेला मुलगा किंवा मुलगी हौसेने अशी उपकरणे बसवून देते. गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या वृद्धाला रात्री अंधारात भिंत चाचपत बटण शोधावे लागू नये, हा त्यामागील हेतू चैनीचा खचितच नाही. म्हणूनच ही जोडणी तुटते, तेव्हा तुटलेली गोष्ट केवळ तांत्रिक राहत नाही.

हाताच्या अंतरावरील दिवा, हजार मैलांचा प्रवास

दोष शोधण्यापूर्वी आज्ञेचा प्रवास समजून घेणे आवश्यक आहे. स्पीकरसमोर उच्चारलेले वाक्य प्रथम घरातील राउटरकडे जाते. तेथून ते इंटरनेटमार्गे व्हॉइस असिस्टंट चालविणाऱ्या कंपनीच्या, म्हणजे ॲमेझॉन किंवा गुगलच्या, सर्व्हरवर पोहोचते. तेथे वाक्याचा अर्थ लावला जातो. ‘दिवाणखान्यातील दिवा’ म्हणजे कोणते उपकरण, हे ठरल्यावर तो सर्व्हर बल्ब तयार करणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला निरोप देतो. मग तो दुसरा सर्व्हर पुन्हा इंटरनेटमार्गे त्याच घरातील राउटरला आणि राउटर बल्बला कळवतो. स्पीकर आणि बल्ब यांच्यातील अंतर दोन हातांचे असले, तरी त्यांचा संवाद बहुतेक वेळा असा दूरवरून फिरून येतो.

या साखळीत चार सांधे आहेत : बल्ब आणि राउटर यांच्यातील वाय-फाय, घराचे इंटरनेट, दोन कंपन्यांच्या खात्यांमधील परस्पर परवानगी आणि उपकरणाला दिलेले नाव. यांपैकी कोणताही सांधा निखळला, तरी स्पीकर जवळपास सारखेच उत्तर देतो. त्यामुळे त्याच्या उत्तरावरून निदान होत नाही. रुग्णाने ‘बरे वाटत नाही’ एवढेच सांगावे, तसा हा प्रकार आहे.

निदानाची रीत मात्र सोपी आहे. स्पीकरला क्षणभर बाजूला ठेवून बल्बच्या कंपनीचे मोबाइल ॲप उघडावे. त्यात उपकरण ‘ऑफलाइन’ दिसत असेल, तर व्हॉइस असिस्टंटचा काहीही दोष नाही. बल्ब राउटरपर्यंत किंवा राउटर इंटरनेटपर्यंत पोहोचत नाही. ॲपमधून दिवा लागत असेल, तर फोनचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर तोच प्रयोग पुन्हा करावा. काही ॲप घरातल्या घरात बल्बशी थेट बोलतात. त्यामुळे घराचे इंटरनेट बंद असतानाही सर्व सुरळीत असल्याचा भास होतो. मोबाइल डेटावरही दिवा लागला, तर कंपनीच्या सर्व्हरपर्यंतची वाट मोकळी आहे, असे समजावे. यानंतर अलेक्सा किंवा गुगल होमच्या ॲपमधील बटण दाबून पाहावे. तेथे अडले तर दोष दोन खात्यांच्या जोडणीत आहे आणि तेथेही दिवा लागला, केवळ बोलून लागत नसेल, तर दोष नावात किंवा भाषेत आहे. या चार पायऱ्यांना पाच मिनिटे पुरतात. त्या न करता थेट बल्ब ‘रीसेट’ करण्याची घाई केली जाते आणि एका दोषाचे दोन होतात.

विजेचा लपंडाव

झाशीसारख्या शहरात पहिला संशय विजेवर घ्यावा. वीज परत आली की बल्ब काही सेकंदांत जागा होतो आणि वाय-फाय शोधू लागतो. राउटर आणि त्यामागील फायबरचा डबा यांना पूर्ण सुरू होण्यास मात्र काही मिनिटे लागतात. चांगली उपकरणे तोवर पुन:पुन्हा प्रयत्न करीत राहतात. काही स्वस्त उपकरणे थोड्या वेळाने थकतात आणि तशीच पडून राहतात. अशा वेळी राउटरचे सर्व दिवे स्थिर होईपर्यंत थांबून नंतर बल्बचे बटण एकदाच बंद करून दहा सेकंदांनी चालू करणे पुरेसे ठरते. राउटर आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरच्या जोडणीवर घेणे किंवा त्यांच्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस बसविणे, हा यावरील टिकाऊ उपाय होय. मात्र दोन्ही उपकरणांना किती व्होल्ट लागतात, हे त्यांच्या अडॅप्टरवर वाचूनच यूपीएस घ्यावा.

‘एकदाच’ या शब्दावर भर देण्याचे कारण आहे. अनेक स्मार्ट बल्ब लागोपाठ तीन ते पाच वेळा बंद-चालू केले की जुनी जोडणी विसरतात आणि नव्या जोडणीच्या प्रतीक्षेत वेगाने लुकलुकू लागतात. ती त्यांची ‘रीसेट’ करण्याची रीतच आहे. वीज येते, जाते, पुन्हा येते, असा प्रकार दोन मिनिटांत चार-पाच वेळा झाला, तर घरातील कोणीही हात न लावता बल्ब स्वत:ला नवाकोरा समजू लागतो. वादळी पावसानंतर एकाच खोलीतील दोन-तीन बल्ब एकदम ‘हरवतात’, त्याचे कारण बहुधा हेच असते. बल्ब लुकलुकत असेल, तर तो बिघडलेला नाही. त्याला पुन्हा जोडून घ्यावे लागेल, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरे कारण अगदी घरगुती आहे. झोपण्यापूर्वी सर्व बटणे बंद करण्याची शिस्त जुन्या पिढीच्या अंगवळणी पडली आहे. भिंतीवरील बटण बंद झाले की स्मार्ट बल्बची वीजच तुटते. मग त्याला कोणी कितीही हाका मारल्या, तरी तो ऐकू शकत नाही. शिस्त मोडायला लावण्यापेक्षा उपकरण बदलणे शहाणपणाचे. स्मार्ट बल्बऐवजी बटणाच्या फळीमागे बसणारा स्मार्ट स्विच लावला, तर भिंतीवरील बटणही चालते आणि आवाजही. हे काम मात्र जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे. अशा अनेक स्विचना न्यूट्रल तार लागते आणि जुन्या घरांच्या बटणाच्या फळीत ती नेहमीच असते असे नाही.

उन्हाळ्याचाही यात हात आहे. घरगुती राउटर साधारणपणे ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी तयार केलेले असतात. मे महिन्यात झाशीचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा छताजवळ, कपाटावर ठेवलेला राउटर या मर्यादेपलीकडे तापतो आणि मधूनच बंद पडतो. पाण्याने भरलेला लोखंडी कूलर किंवा पोलादी कपाट राउटर आणि बल्ब यांच्या मध्ये आले, तर लहरी तेथेच अडतात; जुन्या घरांच्या दगडी, चुन्याच्या जाड भिंती उरलेले काम करतात. राउटर मोकळ्या जागी, खांद्याच्या उंचीवर आणि शक्यतो घराच्या मध्यभागी आणल्यानेही ‘बिघडलेली’ उपकरणे पूर्ववत होऊ शकतात.

दोन वाय-फाय, एक गोंधळ

नवे उपकरण जोडतानाच अडत असेल, तर कारण बहुधा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन आकड्यांत दडलेले असते. आजचे बहुतेक राउटर दोन्ही वारंवारितांवर वाय-फाय देतात. पहिली लांबवर पोहोचते, पण संथ असते. दुसरी वेगवान असते, पण भिंतींपुढे लवकर हार मानते. स्मार्ट बल्ब आणि प्लग यांच्यापैकी बहुतेकांना केवळ २.४ गिगाहर्ट्झची भाषा कळते. फोन मात्र संधी मिळताच ५ गिगाहर्ट्झवर जातो. दोन्हींना एकच नाव असेल, तर फोन एका वाटेवर आणि बल्ब दुसऱ्या वाटेवर, अशी चुकामूक होऊ शकते. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना वेगळी नावे देणे किंवा जोडणी होईपर्यंत ५ गिगाहर्ट्झ बंद ठेवणे, हा त्यावरील उपाय. २.४ गिगाहर्ट्झचा चॅनल ‘ऑटो’वर असेल आणि राउटर १२ किंवा १३ क्रमांक निवडत असेल, तर काही उपकरणांना ते जाळे दिसतच नाही, १, ६ किंवा ११ यांपैकी एक क्रमांक कायम करावा. सुरक्षेचा प्रकार केवळ ‘डब्ल्यूपीए ३’ असल्यास जुनी उपकरणे दाराबाहेरच राहतात. ‘डब्ल्यूपीए २’ किंवा दोहोंचा मिश्र पर्याय निवडावा.

फोनवरील परवानग्यांचा अडथळाही नित्याचा आहे. जोडणीच्या वेळी ॲपला लोकेशन, ब्लूटूथ आणि आयफोन असल्यास स्थानिक नेटवर्क वापरण्याची परवानगी लागते. खासगीपणाच्या काळजीने या परवानग्या नाकारणे समजण्यासारखे आहे. पण त्या वेळेपुरत्या त्या न दिल्यास ॲपला शेजारचा बल्बही दिसत नाही. व्हीपीएन सुरू असेल तर तोही तेवढ्यापुरता बंद करावा. पाहुण्यांसाठीचे वेगळे ‘गेस्ट’ वाय-फाय वापरूनही उपकरणे जोडू नयेत, कारण त्यावरील उपकरणांना एकमेकांशी बोलू न देण्याची व्यवस्था मुद्दाम केलेली असते.

राउटर बदलल्यावर घरातील सर्व उपकरणे एकाच वेळी मुकी होतात, हा प्रसंग तर ठरलेला. इंटरनेट कंपनीचा माणूस नवा राउटर बसवतो, नवे नाव, नवा पासवर्ड देतो आणि निघून जातो. वास्तविक नव्या राउटरला जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड, अक्षरे लहान-मोठी जशी होती तशीच, दिली की बहुतेक उपकरणे आपणहून परततात. दहा उपकरणे पुन्हा जोडण्याचा त्रास एका मिनिटात टळतो.

मुलाचे खाते, वडिलांचा फोन

बल्बच्या ॲपमधून सर्व चालते आणि अलेक्साला मात्र काहीच कळत नाही, अशी तक्रार असेल, तर खात्यांकडे वळावे. बल्बच्या कंपनीने असिस्टंटच्या कंपनीला ‘या घरातील उपकरणे तू चालवू शकतोस’, अशी डिजिटल परवानगी दिलेली असते. पासवर्ड बदलला की ही परवानगी रद्द होऊ शकते आणि तशी सूचना ठळकपणे मिळेलच असे नाही. असिस्टंटच्या ॲपमध्ये जाऊन त्या कंपनीची सेवा काढून टाकणे आणि पुन्हा जोडणे, हा यावरील साधा उपाय.

गुंतागुंत वाढते ती घरात दोन-तीन खाती असली की. स्पीकर मुलाच्या खात्यावर, बल्ब वडिलांच्या मोबाइल क्रमांकावर आणि प्लग सुनेच्या ईमेलवर नोंदविलेला असेल, तर ही उपकरणे एका छपराखाली असूनही परस्परांना अनोळखी राहतात. खाते उघडताना देश चुकीचा निवडला गेला असेल, तरी हाच परिणाम होतो. परदेशातील मुलाने तेथील ॲमेझॉन खात्यावर नोंदविलेल्या स्पीकरला भारतीय कंपनीच्या बल्बची सेवा सापडणार नाही, अशी शक्यता असते. घरासाठी एकच स्वतंत्र ईमेल काढून सर्व उपकरणे त्यावर नोंदवणे आणि कुटुंबातील इतरांना सदस्य म्हणून सामील करणे अधिक सोयीचे.

येथे एक मर्यादा लक्षात ठेवणे भाग आहे. पुण्यात बसलेली मुलगी झाशीतील बल्ब ॲपमधून चालवू शकते, त्याची स्थिती पाहू शकते, खाती पुन्हा जोडू शकते. पण रीसेट झालेला बल्ब तिला तिथून जोडता येत नाही. त्यासाठी त्या घरात, त्या वाय-फायच्या टप्प्यात एक फोन असावा लागतो. आईवडिलांच्या फोनवरही ॲप हवे, ते एवढ्याचसाठी.

पुन्हा जोडलेल्या बल्बमुळे आणखी एक चकवा निर्माण होतो. असिस्टंटच्या यादीत तो नवे उपकरण म्हणून दाखल होऊ शकतो आणि जुन्या नोंदीचे भूत तसेच राहते. दोघांचे नाव एकच असल्याने आज्ञा भुताकडे जाते. यादीतील ‘ऑफलाइन’ नोंद पुसली की दिवा लागतो.

‘आई’ आली की आईची खोली?

चौथा सांधा नावाचा. मराठी घरांत तो अधिक नाजूक आहे. ॲमेझॉनने आपला स्पीकर भारतात २०१७ मध्ये आणला आणि २०१९ मध्ये अलेक्सा हिंदी बोलू लागली. गुगलने २०१८ मध्ये फोनवरील असिस्टंटला मराठी शिकवली. पुढे २०२४ मध्ये जेमिनाय लाइव्हमध्येही मराठी आली. घरातील स्पीकरवर मात्र अनेक वर्षे भारतीय भाषांपैकी हिंदीच उपलब्ध राहिली. परिणामी झाशीतील मराठी घर असो वा नागपुरातील, स्पीकरशी बोलताना हिंदी किंवा इंग्रजीचा आधार घ्यावा लागतो. उपकरणांची नावे मात्र मराठीत सुचतात.

हिंदी ऐकण्यासाठी घडविलेल्या यंत्रापुढे ‘आईच्या खोलीतला दिवा’ असे नाव ठेवले, तर त्याच्या लेखी ‘आई’ हे क्रियापद असते. ‘माळ्यावरचा दिवा’ म्हणताना ‘ळ’चा ‘ल’ ऐकला जाण्याचा संभव असतो, कारण प्रमाण हिंदीत तो वर्णच नाही. ‘देवघर’ हे तर झारखंडमधील शहराचेही नाव. ‘पंखा लाव’ या आज्ञेतील ‘लाव’ हिंदी कानाला ‘लाओ’ वाटू शकतो आणि मग पंखा विकत आणण्याची गोष्ट निघाली, तर दोष कोणाचा! मराठी माणसाला हे खटकणे स्वाभाविक आहे. कोट्यवधी लोकांच्या भाषेला स्पीकरने दाराबाहेर ताटकळत ठेवावे, याला तांत्रिक सबब पुरेशी नाही. तूर्त काम भागविण्यासाठी मात्र दोन्ही भाषांत सारखीच ऐकू येणारी, दोन शब्दांची नावे ठेवावीत : ‘हॉल लाइट’, ‘किचन पंखा’, ‘पूजा लाइट’. खोलीचे आणि उपकरणाचे नाव एकच नसावे. ‘लाइट एक’, ‘लाइट दोन’ अशी क्रमवारीही टाळावी. घरात दोन भाषा बोलल्या जात असतील, तर असिस्टंटच्या सेटिंगमध्ये हिंदी आणि इंग्रजी दोन्ही निवडता येतात. नाव बदलल्यावर उपकरणे पुन्हा शोधण्याची आज्ञा देण्यास विसरू नये. अन्यथा असिस्टंट जुनेच नाव धरून बसतो.

दोष घरात नसतो तेव्हा

सर्व तपासूनही काही सापडत नसेल, तर हात आवरावा. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील केंद्रात बिघाड झाला आणि जगाच्या अनेक भागांत अलेक्सा मुकी झाली. डिसेंबर २०२१ मध्येही तसेच घडले होते. अशा दिवशी उपकरण रीसेट करणाऱ्याला नंतर दुप्पट काम करावे लागते. याहून वाईट प्रसंग कंपनीच बंद पडण्याचा. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या अमेरिकी कंपनीचे सर्व्हर एकाएकी बंद झाले आणि ग्राहकांची धडधाकट उपकरणे ॲप व आवाजाला प्रतिसाद देईनाशी झाली.

या परावलंबित्वावर उतारा म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘मॅटर’ हे समान मानक प्रसिद्ध झाले. ॲमेझॉन, गुगल, ॲपल आदींनी ते स्वीकारले आहे. त्याची खूण असलेले उपकरण स्पीकरशी घरातल्या घरात बोलू शकते आणि एकाच वेळी दोन असिस्टंटांनाही जोडता येते. बोललेले वाक्य समजण्यासाठी मात्र बहुतांशी इंटरनेट लागतेच. अशा उपकरणावरील क्यूआर कोड आणि ११ अंकी क्रमांकाचे छायाचित्र बसविण्यापूर्वीच काढून ठेवावे. बल्ब छताला लागल्यावर तो वाचण्यासाठी शिडी आणावी लागते.

मदत शोधताना सावधगिरी हवी. इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ म्हणून झळकणारे क्रमांक अनेकदा भामट्यांचे असतात. दुरुस्तीच्या नावाखाली ते फोनचा ताबा देणारे ॲप घ्यायला लावतात आणि बँक खाते रिकामे करतात. क्रमांक उपकरणाच्या खोक्यावरून किंवा कंपनीच्या ॲपमधूनच घ्यावा. बल्ब जोडण्यासाठी कोणत्याही कंपनीला बँकेचा ओटीपी लागत नाही. फसवणूक झालीच, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. वॉरंटीतील उपकरण बदलून देण्यास विक्रेता टाळाटाळ करीत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

दिवाळीला आलेल्या मुलांनी परतीची गाडी पकडण्यापूर्वी एक प्रयोग अवश्य करावा. घराचा मेन स्विच पाच मिनिटे बंद ठेवून पुन्हा चालू करावा आणि कोणत्याही उपकरणाला हात न लावता दहा मिनिटे थांबावे. मग आईवडिलांनी, मुलांनी नव्हे, प्रत्येक दिव्याला आवाज द्यावा. जो दिवा लागणार नाही, त्याचे कारण त्याच दिवशी शोधता येते.